'आपण' म्हणणारे सुलभक, 'आम्हीच' म्हणणारे गाव

अलीकडे मराठीत 'सुलभक' या शब्दाचे अमाप पीक आले आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत तो आढळतो, बचतगटांच्या मेळाव्यांत आढळतो, योजनांच्या मार्गदर्शक सूचनांत आढळतो. आणि आता तो महाविद्यालयांच्या दारातही येऊन उभा राहिला आहे. शब्द वरवर पाहता निरुपद्रवी आहे. सुलभ करतो तो सुलभक. परंतु काय सुलभ करतो, आणि कोणासाठी, या दोन प्रश्नांची उत्तरे शब्दाच्या पोटात नाहीत. ती बाहेरून भरावी लागतात, आणि बहुधा जो मानधन देतो तोच ती भरतो. शब्दांची झडती घेणे हा आम्हां मराठीच्या अध्यापकांचा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे या शब्दाची झडती आम्ही येथे घेणार आहोत. त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे एक गाव पुरेसे आहे. मात्र त्या गावी पोचण्यापूर्वी एका कार्यशाळेतून जाणे भाग आहे.

आम्ही ज्या प्रकारच्या महाविद्यालयांत शिकवतो, तेथील मराठी विभागांची अवस्था वाचकांस नव्याने सांगावयास नको. मंजूर जागा रिकाम्या, निम्मे अध्यापन तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांच्या खांद्यावर, आणि मूल्यमापन समिती येणार म्हटले की पाच वर्षांच्या फायली पाच दिवसांत तयार करण्याची धावपळ. अशाच एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, ते कोणतेही असू शकते) आमच्यापैकी काही जणांनी दोन दिवसांची कार्यशाळा अनुभवली. विषय होता विभागांचे 'स्वयंसंघटन'. सुलभक बाहेरून आले होते; हसतमुख, मृदुभाषी, वेळेचे पक्के. रंगीत चिठ्ठ्या वाटण्यात आल्या आणि विभागापुढील अडचणी त्यांवर लिहावयास सांगण्यात आले. एका तासिका तत्त्वावरच्या सहकारी बाईंनी लिहिले: 'नेमणूक नाही, उन्हाळ्यात उत्पन्न नाही.' सुलभकांनी ती चिठ्ठी आदराने वाचली आणि फळ्याच्या एका कोपऱ्यात चिकटवली. त्या कोपऱ्याचे नाव होते 'आपल्या हाती नसलेल्या गोष्टी'. उरलेले दोन दिवस 'आपल्या हाती असलेल्या' गोष्टींवर गेले: भित्तिपत्रक, वाचनकट्टा, एकमेकांशी सुसंवाद. शेवटी छायाचित्र निघाले. अहवाल फायलीत गेला. ती चिठ्ठी बहुधा केरात गेली.

आमचा आक्षेप सुलभकांच्या सद्हेतूवर नाही. आक्षेप त्यांच्या सर्वनामावर आहे.

मराठीला प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आपण' ऐकणाऱ्याला पोटात घेते. 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. द्राविड भाषांत तो ठळकपणे आहे, आणि मराठीतील हा विशेष त्या संपर्काचा वारसा असावा असे भाषाभ्यासक मानतात. ही व्याकरणाची बारीक गोष्ट वाटेल. परंतु सत्तेची तपासणी करण्यास तिच्याइतके सोपे साधन दुसरे नाही. कार्यशाळेतील सुलभक पहिल्या वाक्यापासून 'आपण' म्हणतो: आपण ठरवू या, आपण शोधू या, आपल्या हाती काय आहे ते पाहू या. या 'आपण'मध्ये त्याला बोलावणारे व्यवस्थापन आहे, तो स्वतः आहे, आणि ज्यांना संध्याकाळी निर्णय कळवला जाणार आहे ते आम्हीही आहोत. ज्यांच्या हाती सर्व आहे आणि ज्यांच्या हाती काहीच नाही, त्यांना एकाच सर्वनामात बसवले की 'हाती नसलेल्या गोष्टी' या कोपऱ्याची मालकी कोणाची, हा प्रश्नच उरत नाही.

आता त्या गावाकडे वळू. मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातील शंभरेक घरांचे गोंड आदिवासींचे गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या प्रस्तावित धरणांविरुद्ध या भागात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले; त्या मंथनातून या गावाने आपली घोषणा घडवली: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' ही घोषणा भाषणांतून इतकी वापरली गेली आहे की तिच्याकडे कोणी वाक्य म्हणून पाहत नाही. आम्ही पाहतो. पहिल्या अर्ध्यात 'आमचं' हे षष्ठीचे रूप आहे: दूरचे सरकार आमच्या मालकीचे, पण आमच्याहून वेगळे. दुसऱ्या अर्ध्यात षष्ठी गळते आणि 'आम्हीच' कर्ता होऊन बसते. मालकी संपते, तादात्म्य सुरू होते. आणि हे तादात्म्य 'आपण'चे नाही, 'आम्ही'चे आहे; त्यावर 'च' हा शिक्का आहे. या वाक्यात वनाधिकारी नाही, कागद गिरणी नाही. आणि, येथेच आमच्या लेखाचा गाभा आहे, या वाक्यात सुलभकही नाही.

मेंढा गावाला सोबती नव्हता असे नाही. मोहन हिराबाई हिरालाल हे जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेले आणि विनोबांच्या विचाराने घडलेले कार्यकर्ते. 'वृक्षमित्र' संस्थेच्या कामातून ते या गावाशी जोडले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे चार दशके, जोडलेले राहिले. त्यांच्या भूमिकेला वापरला गेलेला शब्द 'सहयोगी मित्र' असा आहे. 'सुलभक'शी तो ताडून पाहावा. सुलभक हे कार्याचे नाव आहे, मित्र हे नात्याचे. सुलभकाला नेमता येते. मित्राला नेमता येत नाही. सुलभकाची दोन दिवसांनी मुदत संपते. मित्राची मुदत गाव ठरवते.

परंतु केवळ मैत्रीने काम होत नाही. मैत्रीच्या नावाखाली अंमल गाजवणारे आपल्या सामाजिक इतिहासात थोडे नाहीत. मेंढा गावाने जी गोष्ट साधली ती रचनेची आहे. तेथे दोन बैठकी वेगळ्या ठेवल्या गेल्या. एक अभ्यासगट: त्यात ज्याला ज्या विषयात रस आहे त्याने यावे, बाहेरच्या जाणकारानेही यावे, कायदा वाचावा, जंगल मोजावे, प्रश्न विचारावेत, वाद घालावेत, मात्र तेथे निर्णय होत नाही. दुसरी ग्रामसभा: तेथे गावातील स्त्री-पुरुष बसतात आणि निर्णय होतो, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलला जातो. मित्राला पहिल्या बैठकीत जागा आहे, दुसऱ्या बैठकीत मत नाही. त्याच्याजवळचे ज्ञान अभ्यासगटात वाटले जाते, म्हणून ते त्याच्या एकट्याच्या सत्तेचे साधन होत नाही. आणि निर्णय ग्रामसभेत होतो, म्हणून ते ज्ञान वाया जात नाही. ज्ञान आणि निर्णय यांच्यात घातलेले हे कुंपण हाच त्या गावाचा खरा शोध आहे असे आमचे मत आहे. आमच्या कार्यशाळेत नेमके उलटे होते: ज्यांना निर्णयाचा अधिकार नव्हता त्यांच्याकडून 'निर्णय' लिहवून घेतले गेले, आणि ज्यांना अधिकार होता ते उद्घाटनानंतर निघून गेले.

येथे कोणी म्हणेल की तुम्ही गावाची तुलना कामाच्या ठिकाणाशी करता आहात. आमचे उत्तर असे की मेंढा गावाचे जंगल हे कामाचे ठिकाणच होते, आणि अडचणीत आलेले कामाचे ठिकाण होते. बांबू तोडणे, तेंदूपत्त्याची पुडकी बांधणे, मोहफूल, मध, डिंक गोळा करणे: या भागातील माणसाचे वर्षभराचे वेळापत्रक याच कामांनी आखलेले असते. परंतु वनविभाग मालक, कागद गिरणी भाडेपट्टेदार आणि ज्याच्या पाठीला काटा लागतो तो गावकरी रोजंदार, अशी तेथील मांडणी होती. वनहक्क कायदा २००६ साली झाला. २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरी बांबू गावाचा झाला नाही. कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते. पण वाहतुकीचा परवाना देणे विभागाच्या हाती होते, आणि परवान्यावाचून तोडलेला बांबू रस्त्यावर आला की तो गुन्हा ठरे. हक्क गावाचा आणि शिक्का दुसऱ्याचा, असा हा पेच जवळजवळ दोन वर्षे चालला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या दिवशी गावातील रोजंदार हा आपल्या कामाचा धनी झाला.

स्वयंसंघटनाची खरी परीक्षा त्या पुस्तकात आहे. रंगीत चिठ्ठ्या कोणीही देईल. परवान्याचे पुस्तक कोण देतो? मेंढा गावाने 'आमच्या हाती नसलेल्या गोष्टी' असा कोपरा फळ्यावर काढला असता, तर जंगल त्याच कोपऱ्यात गेले असते, आणि गाव वनविभागाशी सुसंवाद वाढवण्याचे उपक्रम करत बसले असते. त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ त्या कोपऱ्यावरच अभ्यास केला. पुढे २०१३ मध्ये गावातील जमीनधारकांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्यान्वये आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. कोणत्याही कार्यशाळेतून असा निर्णय निघत नाही. तो वर्षानुवर्षांच्या बैठकींतून निघतो.

२००९ हेच वर्ष एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्याचे. सामाईक साधनसंपत्ती वापरणारे लोक स्वतःचे नियम स्वतः घडवू शकतात आणि पाळूही शकतात, हे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांनी दाखवले. या मांडणीतही नियम घडवण्याचा अधिकार वापरणाऱ्यांकडे असणे आणि तो बाहेरच्या सत्तेने मान्य करणे ही टिकाऊपणाची लक्षणे आहेत. व्यवस्थापनाच्या भाषेत मात्र हा विचार शिरला तेव्हा त्यातील अधिकार गळून गेला. २००१ साली सतरा संगणकतज्ज्ञांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यासोबतच्या तत्त्वांत स्वयंसंघटित गटांचा गौरव आहे. तो त्यांच्या क्षेत्रापुरता प्रामाणिकही असेल. परंतु तेथून हा शब्द सल्लागारांच्या हाती गेला, आणि आमच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचा अर्थ 'वरून काही मागू नका, आपसांत भागवा' एवढाच उरला होता.

आता आमच्या स्वतःच्या अंगणाकडे पाहू, कारण या विपर्यासात मराठी साहित्याभ्यासाचाही वाटा आहे. आम्ही विद्यार्थ्यांना व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शिकवतो आणि परीक्षेत 'मास्तरांचे समाजकार्य' यावर दहा गुणांचा प्रश्न घालतो. विद्यार्थीही मास्तरांनी केलेल्या कामांची यादी लिहून मोकळा होतो. त्या यादीत कारभारी नसतो. पण कारभाऱ्याच्या शब्दावाचून पोरे शाळेत आली असती काय? धनगरांच्या राबण्यावाचून तालीम उभी राहिली असती काय? कादंबरी हे जाणते. आमचा प्रश्न जाणत नाही. कादंबरी आणखी एक कठोर गोष्ट जाणते: दुष्काळ पडतो, वाडी पांगते, आणि मास्तरांना रिकामी शाळा सोडून जावे लागते. चारा आणि पाणी संपले की कोणतेही मार्गदर्शन कामाचे नाही. आम्ही हा शेवट 'करुणरम्य' म्हणून शिकवतो. वस्तुतः तो सुलभीकरणाच्या मर्यादेचा मराठीतील एक स्वच्छ दाखला आहे.

याच सवयीमुळे मोहनभाऊंसारख्या माणसाविषयी लिहावयाचे झाले की 'शिल्पकार' हा शब्द आमच्या लेखणीच्या टोकावर तयारच असतो. शिल्पकार म्हटले की गाव दगड झाले. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत बैठकीत बसणारी, विरोध करणारी, तास न् तास विषय लांबवणारी माणसे दगड झाली. उलट बाजूने 'गाव आपोआप उभे राहिले' असे म्हणणारेही आहेत. ते चार दशकांच्या सोबतीवर बोळा फिरवतात. या दोन्ही खोट्या कथा आहेत, आणि दोन्ही आम्हांला सोप्या वाटतात, कारण निर्णय न घेणारा नायक लिहिण्याची रीत आमच्यापाशी नाही. 'शाळा'कार मिलिंद बोकील यांनी या गावावर पुस्तक लिहिले तेव्हा त्याचे नाव ठेवले 'गोष्ट मेंढा गावाची'. षष्ठी गावाची आहे, माणसाची नाही. एका कथाकाराचा हा निर्णय आमच्या समीक्षेने अजून पुरेसा वाचलेला नाही.

आक्षेप येतील, ते टाळणार नाही. पहिला आक्षेप: मेंढा लहान आहे, एकजिनसी आहे, कारखान्याला, शहराला हे लागू नाही. पुण्यात १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा वाटा होता. म्हणजे आमच्याच पेशातील माणसांचा. कचरावेचक बायांना त्यांनी आधी कामगार म्हणून पाहिले, आणि महापालिकेने व समाजाने त्यांना तसे पाहावे यासाठी झगडण्यात त्या सोबत राहिल्या. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. शहर मोठे होते, माणसे विखुरलेली होती. तरी सूत्र तेच होते: आधी ओळख आणि हक्क, मग व्यवस्था.

दुसरा आक्षेप: मालकी मिळाली म्हणजे सर्व मिळाले काय? नाही. कुर्ल्याचा बंद पडलेला कमानी ट्यूब्ज हा कारखाना १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. देशभर त्याचे कौतुक झाले, आणि तरीही तो प्रयोग दीर्घकाळ टिकला नाही. अधिकार ही पहिली अट आहे, शेवटची नव्हे. पण पहिली अट गाळून दुसरीपासून आरंभ करणाऱ्यांनी कमानीकडे बोट दाखवू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: मित्र मत देत नसला तरी त्याचा प्रभाव पडतोच, अदृश्य सत्ता ही दृश्य सत्तेहून घातक. हे खरे आहे. अमेरिकी स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिले होते की रचना नाकारणाऱ्या गटातही रचना असतेच, फक्त ती लपलेली असते. म्हणूनच आम्ही मैत्रीवर न थांबता कुंपणावर भर दिला. स्वयंसंघटन म्हणजे रचनेचा अभाव नव्हे. अभ्यास कोठे, निर्णय कोठे, कोणाला कोठे मत, हे उघड लिहिलेले असणे हीच अदृश्य सत्तेवरची तोड आहे.

तेव्हा सुलभकास विचारावयाचे प्रश्न तीन आहेत. तुम्हांस कोणी बोलावले? येथे झालेला निर्णय कोणावर बंधनकारक आहे? आणि तुम्ही गेल्यावर आमच्या हाती कोणते पुस्तक राहील? या तिन्हींची उत्तरे जो देऊ शकतो त्याचे स्वागत आहे. त्याला आम्ही आनंदाने मित्र म्हणू. जो देऊ शकत नाही तो व्यवस्थापनाचा मृदू आवाज आहे, मग त्याचे मन कितीही निर्मळ असो.

एक गोष्ट स्वतःविषयीही सांगणे आवश्यक आहे. हा लेख 'आम्ही' या सर्वनामात लिहिला आहे, आणि या 'आम्ही'त कायम नेमणुकीचे अध्यापक आहेत. ज्यांची चिठ्ठी कोपऱ्यात चिकटवली गेली त्या बाई या 'आम्ही'त आहेत काय? त्या दिवशी नव्हत्या. चिठ्ठी कोपऱ्यात जाताना आम्ही गप्प बसलो, कारण सुसंवादाच्या कार्यक्रमात विसंवादी होणे आम्हांस अप्रशस्त वाटले. सर्वसहमतीच्या गावात एकाच्या विरोधाने विषय थांबतो. आमच्या सभागृहात एकीचा विरोध फळ्याचा कोपरा भरण्यास उपयोगी पडला. सुलभकांवर टीका करण्यापूर्वी ही कबुली देणे भाग होते.

म्हणून या सत्रात आम्ही एक अभ्यासगट सुरू केला आहे. त्यात तासिका तत्त्वावरचे आणि कायम असे दोन्ही सहकारी बसतात. छायाचित्र निघत नाही, अहवाल लिहिला जात नाही. पहिल्या बैठकीत महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ची प्रत मध्ये ठेवली आणि वाचावयास घेतली. कार्यभार, नेमणूक, मानधन यांविषयीचे शासननिर्णय त्यानंतर येतील. वाचन संथ आहे. कायद्याची भाषा क्लिष्ट आहे, आणि क्लिष्ट भाषा वाचणे हेच तर आमचे शिक्षण आहे. वाचताना जेथे अडू तेथे एखाद्या वकील मित्रास बोलावू. त्याला प्रश्न विचारू, चहा देऊ, आणि निर्णयाची वेळ आली की त्याला नमस्कार करून निरोप देऊ. बाईंनी ती चिठ्ठी पुन्हा लिहून आणली आहे. यावेळी ती विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर आहे.